सुगंधाच्या गावात आपलं स्वागत



पेशींमधलं संदेशवहन आणि रेण्वीय जीवशास्त्र या विषयांवरची परिषद आमच्या गावात भरते आहे, याचा स्वागत समितीला फार अभिमान वाटतो. होय, मुंबईत असूनही आम्ही मुलुंडला गावच म्हणतो.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी आमच्याच शिवारातून गेली. १९२२ मध्ये क्राऊन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत काटकोनात रस्ते आखून दिले. नवखा पाहुणाही मुलुंड पश्चिमेत सहसा चुकत नाही, ही त्या आखणीची पुण्याई.

त्याच १९२२ साली सुरू झालेल्या आणि मुलुंडशी नातं जडलेल्या एस. एच. केळकर आणि कंपनीबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. उदबत्ती, साबण, केसांचं तेल, अत्तर यांत पडणारा सुगंध या मराठी उद्योगाने घडवला. ‘कोब्रा’ छापाच्या त्यांच्या सुगंधांना अत्तरवाले आणि उदबत्तीवाले चांगलंच ओळखतात. सुगंधकार कागदाची अरुंद पट्टी अर्कात बुडवतो, हुंगतो, बाजूला ठेवतो. तासाभराने पुन्हा हुंगतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. लिंबाचा वास आधी उडतो, चंदन मागे रेंगाळतं. हे सगळं नाकाने जोखायचं! केळकर एज्युकेशन ट्रस्टने १९८४ मध्ये पूर्वेला मिठागर रोडवर विनायक गणेश वझे यांच्या नावाचं महाविद्यालय काढलं. तिथे सुगंधशास्त्राचा अभ्यासक्रमही चालतो.

आपल्या विषयाशी आमचं नातं जुळतं ते इथेच. गंधाचा रेणू पेशीवरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटतो, पेशीत संदेश उठतो आणि तो मेंदूपर्यंत जातो. हे कोडं उलगडण्यात आयुष्य वेचलेल्या डॉ. व्हेरोनिका रॉड्रिग्स यांचं स्मरण आज केलंच पाहिजे. १९५३ साली केनियात एका गोमंतकीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकताना ओबेद सिद्दीकी यांचं संशोधन त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी सिद्दीकींना पत्र लिहिलं आणि त्या मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. होमी भाभांच्या निमंत्रणावरून सिद्दीकींनी १९६२ मध्ये तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला होता.

तिथे फाटा फुटलेल्या नळीत फळमाश्या सोडायच्या, एका फाट्यात वास आणि दुसऱ्यात नुसती हवा ठेवायची, असा प्रयोग चाले. ज्या माश्यांना दोन्ही फाटे सारखेच, त्यांच्या जनुकांत दोष कुठे आहे, हे शोधायचं. रॉड्रिग्स आणि सिद्दीकी यांचं हे काम १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी लावला तो १९९१ मध्ये. त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. रॉड्रिग्स पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात होत्या. २०१० मध्ये त्या गेल्या. शहराच्या एका टोकाला गंध घडत होता आणि दुसऱ्या टोकाला त्याचं गूढ उकलत होतं, हे आमच्या मुलांना कळायलाच हवं.

आता व्यवस्थेविषयी. निवासाच्या खोल्या एका ठिकाणी मिळाल्या नाहीत, गाड्या लावायला जागा अपुरी आहे, सभागृहही थोडं लहान पडतं आहे. या उणिवांबद्दल समितीच्या वतीने मी आपली हात जोडून क्षमा मागतो. काहीही अडलं तर पिवळा बिल्ला लावलेल्या स्वयंसेवकांना हक्काने हाक मारा.

सढळ हाताने मदत करणारे इथले उद्योजक, डॉक्टर आणि औषध विक्रेते, पेन्शनमधून रक्कम देणारे ज्येष्ठ नागरिक, पाहुण्यांसाठी घराची दारं उघडणारी कुटुंबं, मसालेभात आणि जिलेबीचा भार उचलणारं महिला मंडळ, मांडववाले, ध्वनिव्यवस्था पाहणारे, पहाटेपासून राबणारे सफाई कामगार आणि रात्र जागवलेले विद्यार्थी, या सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाव न छापण्याच्या अटीवर देणगी देणाऱ्यांचे आभार मी अधिकच आदराने मानतो.

मान्यवरांना एकच विनंती. मागच्या रांगा मुलुंडच्या कॉलेजांतल्या मुलामुलींसाठी राखल्या आहेत. त्यांनी मराठीत प्रश्न विचारले, अगदी साधे विचारले, तरी वेळ काढून उत्तरं द्या. रॉड्रिग्स यांना एका शास्त्रज्ञाच्या कामातून वाट सापडली, तशी यांतल्या एखादीला तुमच्यामुळे सापडेल.