पहिल्या रांगेशी बोलायचं आहे



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्यावर बोलावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो आज मोडते. समोर पहिल्या रांगेत शाळांचे विश्वस्त आहेत, पतपेढ्यांचे संचालक आहेत, वालीव-सातिवलीला गाळे असलेले उद्योजक आहेत, विरारला रुग्णालयं चालवणारे डॉक्टर आहेत. मघाशी देणगीदार म्हणून तुमची नावं वाचली गेली. मी तुमच्याशी मालक म्हणून बोलणार आहे. तुमच्याकडे कामाला असलेल्या बाईच्या अंगचटीला तुमचाच माणूस आला आणि तिने ते तुम्हाला येऊन सांगितलं, तर तुम्ही काय करता?

मी काही संस्थांच्या तक्रार समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसले आहे. तिथे पदाधिकाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच ऐकला: "हे बाहेर कुणाला सांगितलंयस का?" काय घडलं, हे त्यानंतर. ती कशी आहे, हे तर शेवटी, आणि तेही कुणी आठवण केली तर.

हा प्रश्न नवा नाही. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला, तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. खटला चालला तो मात्र चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. अत्याचार पोलिसांपुढे गेलाच नाही. तिचं लग्न ठरलं होतं, तिची अब्रू जाईल, असं कारण प्रशासनाने दिलं. गुन्हेगार सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. अरुणा १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, त्याच रुग्णालयात खाटेवर पडून होती. तिची अब्रू वाचली असं कुणाला म्हणायचं असेल, तर इथे येऊन म्हणावं.

त्याच केईएममध्ये दुसरी गोष्टही घडली. परिचारिकांनी सुरक्षेच्या मागणीसाठी संप केला, आणि पुढे पिढ्यानपिढ्या त्यांनीच अरुणाला अंघोळ घातली, भरवलं. तिला तिथून हलवायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याच आडव्या उभ्या राहिल्या. संस्था संस्था म्हणून तुम्ही जिचं नाव जपता, ती मला त्या परिचारिकांमध्ये दिसते, प्रशासनाच्या कपाटात दिसत नाही.

राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, होती. बालविवाह थांबवणं हे तिचं नेमून दिलेलं काम. त्याचा सूड म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि मालकाने हात वर केले, कारण ती तेव्हा स्वतःच्या शेतात होती. त्यातून कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ रोखण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा सर्वोच्च न्यायालयाचा १३ ऑगस्ट १९९७ चा विशाखा निकाल आला. आपल्या नियोक्त्यांनी तो निकाल कसा गुंडाळून ठेवला, हे पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवलं. ते पत्रच याचिका झालं आणि २०१२ मध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावलं. मग कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्यालाही दहा वर्षं झाल्यावर, २०२३ मध्ये, गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात न्यायालयाला अंमलबजावणीतल्या त्रुटींवर कडक शब्दांत बोलावं लागलं. १९९७, २०१२, २०२३. एवढ्या वेळा बजावूनही ज्यांना ऐकू आलं नाही, त्यांना कायदा ठाऊक नव्हता हे मी मान्य करणार नाही.

कायदा काय सांगतो ते ऐका. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालणार नाहीत, एक सदस्य संस्थेबाहेरून. चौकशी नव्वद दिवसांत, अहवालावर कारवाई साठ दिवसांत. समितीच्या नेमणुकीचा आदेश दर्शनी भागात लावायचा. कायम, हंगामी, कंत्राटी, शिकाऊ, अगदी विनावेतन काम करणारीसुद्धा यात येते. म्हणजे दारोदार पिग्मी गोळा करणारी तुमच्या पतपेढीची मुलगी येते, आणि तासिकांवर राबणारी शिक्षिकाही येते.

तुम्ही काय करता? तिची बदली करता. "तिच्याच सुरक्षिततेसाठी." चौकशी चालू असताना बदली करायची तर तिने तसं लेखी मागावं लागतं, आणि ती त्याचीही करता येते. पण तो विक्री आणतो, तो विश्वस्तांचा भाचा असतो, म्हणून हलवायची ती. तुम्ही गुप्ततेचं कलम तिच्या तोंडावर फेकता. ते कलम कुणाची ओळख उघड करू नका म्हणतं. नाव न घेता न्याय मिळाल्याचं सांगायला मुभाही देतं. ती मुभा वापरणारी संस्था मी पाहिलेली नाही. आणि वार्षिक अहवालात "तक्रारी: शून्य" असं छापून टाळ्या घेता. ज्या दारावर कुणीच थाप मारत नाही, त्या घरात सगळं कुशल आहे असं समजायचं का?

खोट्या तक्रारींचं काय, असं कुणी तरी आता पुटपुटलं. त्याचंही कलम आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर शिक्षा आहे. केवळ सिद्ध झाली नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. पहिलं वाक्य पाठ आहे, दुसरं का नाही?

आता आपल्या गावचं. गोखिवरे-वालीवच्या गाळ्यांत कितीतरी ठिकाणी सात-आठच माणसं असतात. तिथे अंतर्गत समिती नसते, आणि छळणारा खुद्द मालक असला तर अंतर्गत समिती असून उपयोग नाही. घरकामाला जाणाऱ्या बाईचंही तेच. या सगळ्यांसाठी कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती ठेवली आहे. आगाशीहून बसने विरार, तिथून डहाणूची गाडी पकडून पालघर, म्हणजे एका दिवसाचा खाडा. हे टाळायलाच शहरात प्रभागाप्रभागाला नोडल अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्याने तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत समितीकडे पोचवायची. आपल्या प्रभागातला हा अधिकारी कोण, हे या मांडवात कुणी सांगू शकेल? मी थांबते. सांगा.

कुणाचाच हात वर नाही. पहाटेची विरार लोकल पकडणाऱ्या आपल्या लेकीबाळींना हे नाव आपण सांगितलेलं नाही. हा दोष एकट्या सरकारचा नाही, आपल्या साहित्य मंडळांचाही आहे. अरुणावर नाटक लिहिलं गेलं, "कथा अरुणाची". आपण ते पाहून डोळे पुसले. पण वाचनालय, प्रकाशन संस्था, नाट्यसंस्था यांनाही हा कायदा लागू आहे, हे आपल्या कुठल्या ठरावात आलं? तालमीच्या खोलीत, छापखान्यात, संपादकाच्या केबिनमध्ये जे घडतं, ते आपण 'कलावंतांच्या लहरी' म्हणून खपवलं.

म्हणून समारोपाच्या ठरावांत एक ठराव मी अध्यक्षस्थानावरून मांडते. या संमेलनाशी जोडलेल्या, देणगी देणाऱ्या आणि घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने तीन महिन्यांत अंतर्गत समितीची नावं दर्शनी भागात लावावीत; दहापेक्षा कमी माणसं असतील तिथे स्थानिक समितीचा आणि नोडल अधिकाऱ्याचा पत्ता लावावा; आणि जी संस्था हे करणार नाही, तिची देणगी पुढच्या संमेलनाने घेऊ नये. सूचक मी आहे. पहिल्या रांगेतून अनुमोदन हवं आहे. कार्यवाह कागद घेऊन खाली येत आहेत, नाव आणि संस्थेचं नाव दोन्ही लिहा.