पगार ठरतो कशावर?

(मासिक सभेत केलेल्या भाषणाचे संक्षिप्त रूप)



सुरुवातीलाच कबूल करतो, मी अर्थशास्त्रज्ञ नाही, प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे. पण आपल्या गप्पांमध्ये एक वाक्य मी नेहमी ऐकतो : "आपण शिकलो म्हणून इथवर आलो, बाकीच्यांनीही शिकावे." यात तथ्य किती आणि समजूत किती, हे तपासावे म्हणून आजचा विषय घेतला.

तथ्य बरेच आहे. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २००८ सालच्या आपल्या पुस्तकात अमेरिकेचा विसाव्या शतकातला हिशेब मांडला आहे. तंत्रज्ञान कुशल माणसांची मागणी वाढवते आणि शिक्षण त्यांचा पुरवठा वाढवते. बराच काळ शिक्षण पुढे होते. १९८०च्या सुमारास ते मागे पडले आणि पदवीधर व इतर यांच्या पगारातली दरी रुंदावत गेली. तुम्ही-आम्ही इथे आलो ते या दरीच्या वरच्या काठावर.

पण एवढ्याने गणित सुटत नाही. एप्रिल १९९२मध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांची पाहणी केली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे दिसले नाही. या अभ्यासावर पुष्कळ वाद झाले. पण एक गोष्ट उघड आहे. बर्गर भाजणाऱ्याचे कौशल्य एका रात्रीत वाढले नव्हते, तरी पगार वाढला. म्हणजे पगार कायद्यानेही ठरतो आणि सौदा करण्याच्या ताकदीनेही. केंद्रीय किमान वेतन २००९पासून ७.२५ डॉलरवर थांबले आहे. महागाईने त्याची खरी किंमत जवळजवळ एक तृतीयांशाने घटली आहे. १९५०च्या दशकात तीन कामगारांमागे साधारण एक युनियनमध्ये होता, आता दहांत एक आहे.

हे मला पुस्तकांआधी घरातच कळायला हवे होते. माझे वडील मुंबईत गिरणीच्या साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांचा होतो. वडिलांना परत कामावर घेतले नाही. पुढे ते भिवंडीला यंत्रमागावर जाऊ लागले. हात तेच, मागाची समजही तीच. पण पाळी बारा तासांची, फंड नाही, भरपगारी रजा नाही आणि मजुरी गिरणीच्या निम्म्याहून कमी. "तुम्ही शिका रे," असे ते आम्हा भावंडांना जीव तोडून सांगत. मी त्याचा अर्थ बरीच वर्षे असा घेतला की, त्यांच्या अंगी कौशल्य नव्हते. गिरण्यांचा धंदा तेव्हा डळमळीत होता हे खरेच, पण वडिलांचे कौशल्य कुठेही गेले नव्हते. गेली होती ती पाठीशी उभी असलेली संघटना.

आता माझ्याविषयी. आमच्या प्रयोगशाळेत सफाई करणाऱ्या बाई पूर्वी संस्थेच्या पगारावर होत्या. काही वर्षांपूर्वी ते काम कंत्राटदाराकडे गेले. मजले तेच, बादली तीच, बाईही त्याच. आरोग्यविमा मात्र गेला. तो निर्णय झाला त्या बैठकीला मी हजर होतो. वाचलेल्या पैशांतून उपकरणे येणार होती, म्हणून मी गप्प बसलो. भिवंडीच्या मागावर राबलेल्या माणसाचा मुलगा गप्प बसला, हे आज तुमच्यासमोर सांगणे मला भाग आहे.

मुलांना जरूर शिकवू या. पण सगळे पदवीधर झाले तरी फरशी कोणीतरी पुसणारच आणि आपल्या वृद्ध आईवडिलांना अंघोळ कोणीतरी घालणारच. त्या कामाला भाव किती, हा प्रश्न शिक्षणाने सुटणारा नाही. म्हणून दोनच गोष्टी सुचवतो. आपल्या कंपनीत सफाईचे, कँटीनचे कंत्राट कोणत्या अटींवर दिले आहे, हे विचारा. आणि आपल्या घरी मुले सांभाळणाऱ्या बाईंचा पगार कायदेशीर नोंद करून, सोशल सिक्युरिटी भरून द्या.

त्या बैठकीत मी हा प्रश्न विचारला नाही. पुढच्या बैठकीत विचारणार आहे. काय उत्तर मिळाले ते इथेच येऊन सांगेन.