किती हवा पुरे?

इसवी सन १९७८च्या फेब्रुवारी महिन्यात हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर एक चमत्कारिक शर्यत झाली. दम अधिक कोणाचा, पोहणाऱ्याचा, धावणाऱ्याचा की सायकल चालविणाऱ्याचा, असा वाद तेथील हौशी खेळाडूंत रंगला होता. अमेरिकेच्या नौदलातील जॉन कॉलिन्स नावाच्या अधिकाऱ्याने तो मिटविण्याचा सोपा वाटणारा उपाय सुचविला: तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकीमागून एक करून पाहाव्यात. प्रथम समुद्रात सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, मग सायकलीवर १८० किलोमीटर जाणे आणि शेवटी ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन धावणे. पंधरा जण पाण्यात उतरले, बारा जणांनी शर्यत पुरी केली आणि पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलर यास पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. आज जगभर ‘आयर्नमॅन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा हा उगम होय. तिच्या निम्म्या पल्ल्याची शर्यत २०१९ साली गोव्यात, पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर प्रथम भरली. पुण्यामुंबईच्या नि कोल्हापूरच्या कितीतरी नोकरदार मंडळींनी त्यानंतर पहाटे उठून सायकली बाहेर काढल्या आहेत.

या शर्यतीचा खरा कस मधल्या टप्प्यात लागतो. पोहण्यास तासदीड तास लागतो. सायकलीवर मात्र सामान्य स्पर्धकाचे सहा ते आठ तास जातात. शिवाय दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकविण्याची येथे मुभा नसते. त्यामुळे हँडलवर कोपरे टेकून, पाठ आडवी करून आणि मान वर उचलून त्याला एकट्यानेच वाऱ्याशी झुंज द्यावी लागते. आणि एवढे करून सायकलीवरून उतरल्यावर विश्रांती नाही. पुढे मॅरेथॉन उभीच असते. म्हणून येथे सायकलीचे काम दुहेरी आहे. तिने स्वाराला लवकर पोहोचवावे, आणि धावण्याजोगे शरीर शिल्लक ठेवून पोहोचवावे. ज्याची कंबर धरली आहे, ज्याच्या हातांना मुंग्या आल्या आहेत, त्याने सायकलीवर वाचविलेली दहा मिनिटे पुढे पायी चालण्यात केव्हाच खर्ची पडतात. येथे सुख म्हणजे ऐषआराम नव्हे; ती पुढच्या टप्प्यासाठी गाठीस बांधलेली शिदोरी आहे.

या सुखाचा शोध घेताना बहुतेकांची नजर प्रथम महागड्या चाकांकडे जाते. हौसेला मोल नाही हे खरे. पण चाकाच्या इतिहासाकडे पाहिले तर उत्तर निराळीकडे सापडते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, तशीच लोखंडी धाव पहिल्या सायकलींच्या चाकांनाही असे. इंग्लंडात त्या सायकलींना लोकांनी ‘हाडे खिळखिळी करणारी’ असे नावच दिले होते. रबरी नळीत हवा कोंडून ती चाकावर बसवावी, ही कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश माणसाला प्रथम सुचली व १८४५ साली त्याने तिचे पेटंटही घेतले. परंतु ती विस्मृतीत गेली. पुढे बेलफास्टमध्ये जनावरांचा दवाखाना चालविणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती नव्याने शोधून काढली. त्यांनी एक हवा भरलेले चाक आणि एक साधे चाक अंगणातून घरंगळत सोडून पाहिले. साधे चाक वाटेतच आडवे झाले; हवेचे चाक अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर जाऊन आदळले.

या लहानशा प्रयोगात सर्व विषयाचे सार आले आहे. मुलाला धक्के बसू नयेत म्हणून जे केले, त्यानेच चाक अधिक लांब गेले. १८८९ साली विली ह्यूम या सायकलस्वाराने बेलफास्टच्या शर्यतीत हवेच्या टायरवर बसून इतरांना मागे टाकले. दोन वर्षांनी शार्ल तेराँ याने मिशलँ बंधूंच्या, काढता घालता येणाऱ्या टायरवर पॅरिस ते ब्रेस्ट व परत अशी सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत जिंकली. तेव्हापासून कोणालाही शंका उरावयास नको होती की, सुख आणि वेग यांचे मुळात वैर नाही.

परंतु विसाव्या शतकात ही शिकवण मागे पडली. टायर जितका अरुंद आणि जितका कडक, तितका वेगवान, अशी समजूत रूढ झाली. १९८०-९० च्या सुमारास शर्यतीच्या सायकलींना २० ते २३ मिलिमीटर रुंदीचे टायर असत आणि त्यांत १२० पौंडांपर्यंत हवा भरीत. येथे पौंड म्हणजे दर चौरस इंचावरील दाब. सायकलच्या दुकानात ज्याला नुसते ‘पौंड’ म्हणतात तेच. या समजुतीला आधार नव्हता असे नाही. टायर जमिनीला टेकतो तेथे दबतो आणि पुढे जाताच पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात रबर व आतील धाग्यांचे कापड तापते आणि तेवढी शक्ती वाया जाते. हवा अधिक असली की टायर कमी दबतो, म्हणून नुकसानही कमी. प्रयोगशाळेत गुळगुळीत पोलादी पिंपावर टायर फिरवून मोजले तेव्हा हेच दिसून आले.

मात्र रस्ता म्हणजे पोलादी पिंप नव्हे. डांबरातील खडी, ठिगळे, रबरी पट्टे, पुलांचे सांधे ही रस्त्याची खरी घडण. मऊ टायर खडीचा दाणा आपल्या पोटात घेतो. कडक टायर तोच दाणा ओलांडण्यासाठी सायकल आणि स्वार दोघांनाही वर उचलतो. हे उचलणे क्षणाक्षणाला घडते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती अखेर पायांतूनच येते. ती स्वाराच्या स्नायूंत, मणक्यांत आणि तळहातांत जिरते. म्हणूनच खऱ्या रस्त्यावर मोजमाप केले की असे आढळते: काही मर्यादेपर्यंत हवा वाढविल्यास चाक हलके चालते; ती मर्यादा ओलांडताच ते झपाट्याने जड होऊ लागते. रस्ता जितका खडबडीत, तितकी ही मर्यादा खाली. आणखी एक गंमत अशी की हवा कमी पडल्याचे नुकसान हळूहळू वाढते, तर अधिक झाल्याचे एकदम. दोहोंत चूक करावयाचीच असेल तर ती मऊपणाकडे करावी. दगडापेक्षा वीट मऊ, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

मग कडक टायर वेगवान का भासतो? कारण तो सतत थरथरतो, आणि थरथर म्हणजे वेग असे मनाला वाटते. मऊ टायरवर आवाज कमी, हादरे कमी; त्यामुळे स्वाराला आपण रेंगाळत आहो असा भास होतो. घड्याळ मात्र वेगळीच साक्ष देते.

रुंदीचाही येथे मोठा संबंध आहे. टायरच्या भिंतीवर पडणारा ताण हवेच्या दाबावर जसा, तसाच टायरच्या रुंदीवरही अवलंबून असतो. २३ मिलिमीटरच्या टायरात १०० पौंड हवा भरल्यावर जो ताण येतो, तोच २८ मिलिमीटरच्या टायरात सुमारे ८२ पौंडांना येतो. म्हणजे रुंद टायरात जुन्या सवयीने तितकीच हवा भरणारा मनुष्य रुंदीचा फायदा स्वतःच घालवून बसतो. शिवाय या रुंद टायरात हवेचे आकारमान जवळजवळ दीडपट असते, त्यामुळे खड्ड्यात चाक रिमवर आपटण्याची भीती कमी होते. आता २५ मिलिमीटर ही रुंदी अरुंद समजली जाते. दीर्घ पल्ल्याचे बहुतेक स्पर्धक २८ किंवा ३० कडे वळले आहेत. अर्थात सायकलीच्या सांगाड्यात तेवढी जागा आहे ना, हे प्रथम पाहिले पाहिजे.

आकड्यांचा अंदाज असा. स्वार आणि सायकल मिळून वजन ८५ किलोग्रॅमच्या आसपास असेल आणि डांबरी रस्ता बरा असेल, तर २५ मिलिमीटरच्या टायराला सुमारे ८५ पौंड, २८ ला ७० आणि ३० ला ६५, येथून प्रारंभ करावा. वजन पाच किलोने कमीअधिक असेल तर दोनतीन पौंडांचा फरक पुरतो. साध्या सायकलीवर मागच्या चाकावर भार बराच अधिक असतो. परंतु कोपरे टेकून बसल्यावर तो पुढे सरकतो, म्हणून ट्रायथलॉनमध्ये पुढच्या चाकात मागच्याहून दोनतीन पौंडच कमी ठेवणे युक्त. त्यानंतर ओळखीच्या रस्त्यावर, एकाच पंपाच्या काट्यावर विश्वास ठेवून, दर फेरीला तीन पौंड कमी करीत जावे. वळणावर टायर डगमगू लागला किंवा खड्ड्यात रिम लागल्याचे जाणवले की तीन पौंड परत वर यावे. तोच आपला आकडा. त्याहून खाली गेल्यास ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाऊन जवळजवळ दोन छिद्रे पडतात. सापाच्या दंशासारखी दिसणारी ही जोडखूण अनेकांच्या परिचयाची असेल. ट्यूब नसलेल्या आणि आत चिकट द्रव असलेल्या टायरांना हे भय कमी. मात्र ज्या रिमना टायर अडकविण्याची कड नसते, त्यांवर ५ बार, म्हणजे सुमारे ७३ पौंडांहून अधिक हवा कधीही भरू नये. ही सुरक्षिततेची मर्यादा आहे, सोयीची नव्हे.

आता चाकांविषयी. खोल रिमची कार्बनची चाके वाऱ्याला सहज कापतात, आणि वारा हाच सपाटीवरील सायकलस्वाराचा मुख्य शत्रू असल्यामुळे त्यांचा लाभ खरा आहे. पण सुखाच्या दृष्टीने चाकाचा वाटा थोडा. कोणतेही चांगले चाक उभ्या दिशेने टायराच्या मानाने अगदीच कमी लवचिक असते. हादरा शोषला जातो तो टायरातच. रिम मात्र टायराहून थोडी रुंद असावी. म्हणजे टायर नीट बसतो आणि वाराही सुरळीत सरकतो. खोलीच्या बाबतीत आडव्या वाऱ्याचा विचार आवश्यक. पुढचे चाक हँडलला जोडलेले असल्याने वाऱ्याचा फटका सरळ हातांना जाणवतो. मागच्या चाकाचे तसे नाही. हवाईच्या मोठ्या बेटावर, कोना येथील शर्यतीत, लाव्हाच्या ओसाड माळातून हावी गावाकडे जाताना असे वारे सुटतात की तेथे पूर्ण बंद तबकडीसारखे चाक वापरण्यास मनाईच आहे. हँडल घट्ट आवळून धरलेला स्वार दर किलोमीटरला खांद्यांची शक्ती खर्च करतो. तेव्हा पुढे मध्यम खोलीची, म्हणजे ४० ते ६० मिलिमीटरची रिम आणि मागे हवी तर अधिक खोल, ही जोडी बहुतेकांना मानवते. ज्याला वाऱ्यात कोपरे टेकून बसवत नाही, त्याला खोल चाकाचा काहीच उपयोग नाही.

शर्यतीच्या दिवशीची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हवा तापली की दाब वाढतो. पहाटे २५ अंशांवर ७० पौंड भरलेले टायर ४५ अंशांपर्यंत तापले तर सुमारे ७६ पौंडांवर जातात. आपल्याकडील उन्हाचा हा हिशेब आधीच धरून दोनतीन पौंड कमी भरणे शहाणपणाचे. ज्यांच्या ट्यूब पातळ लॅटेक्स रबराच्या आहेत, त्यांनी मात्र रात्री भरलेल्या हवेवर विसंबू नये. सकाळपर्यंत ती बरीच निघून गेलेली असते.

या सर्व विवेचनातील सर्वांत आश्वासक भाग खर्चाचा आहे. लाखमोलाच्या चाकांची जोडी थोड्यांच्याच आवाक्यात असते. चांगल्या, लवचिक टायरांची जोडी त्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते. आणि योग्य हवेला तर काहीच पडत नाही; लागतो तो एक भरवशाचा काटा, एक वही आणि चार रविवार. साध्या सायकलीवर आलेला कारकून आणि महागड्या सायकलीवर आलेला धनिक या एका बाबतीत समान आहेत, आणि वही ठेवणारा कारकून काट्याकडे न पाहणाऱ्या धनिकाच्या पुढे निघून जाण्याचा संभव आहे. अशा शर्यतींत बहुतेक ठिकाणी साऱ्या दिवसाची मुदत सुमारे सतरा तासांची असते, आणि शेवटच्या तासात अनेकांचे वर्षभराचे श्रम काही मिनिटांवर लोंबकळत असतात. त्या वेळी १८० किलोमीटरांच्या धक्क्यांनी न पिचलेली पाठ जितकी उपयोगी पडते, तितकी दुसरी कोणतीही वस्तू पडत नाही.