शेततळं हिरवं झालं तर



२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गावोगावी शेततळी दिसू लागली. काही गट त्यात कटला, रोहू, मृगळ सोडतात. ऊन तापलं की बायका विचारतात, "ताई, तळं हिरवं झालंय, काय टाकायचं?" आम्ही म्हणतो, टाकायचं नंतर बघू. आधी तळ्यात काय काय पडतंय ते बघू.

शेवाळाला ऊन लागतं आणि खत लागतं. ऊन आपल्या हातात नाही. खत मात्र आपल्याच हातून जातं: माशांनी न खाल्लेलं खाद्य, जास्तीचं शेण, पावसात शेतातून वाहून आलेला युरिया.

पाणी थोडं हिरवं असणं चांगलंच, ते माशांचं खाणं आहे. किती हिरवं चालेल? काठावर नीट बसून हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी दाट झालं. मग शेण बंद, खाद्य कमी.

दाट शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं, पण रात्री तोच ओढून घेतं. म्हणून मासे मरतात ते पहाटे. ढगाळ दिवसानंतर धोका जास्त. तांबडं फुटताना तळ्यावर चक्कर मारा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर त्या दिवशी खाद्य देऊ नका, लगेच मोटार लावा. विहिरीचं, बोअरचं पाणी उंचावरून, फवाऱ्यासारखं पडू द्या. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, वाऱ्यातून पडताना तो मिसळतो.

मोरचूद टाकायचा सल्ला कुणी देईल. अंदाजाने टाकू नका. त्याने मासे मरू शकतात. शिवाय शेवाळ एकदम मेलं की कुजतं आणि उरलासुरला प्राणवायू संपवतं. मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय कुठलंच औषध नको.

धाग्यासारखं शेवाळ असेल तर समोरासमोरच्या काठांवर उभं राहून दोर किंवा जाळं ओढा. निघालेलं काठावर ठेवू नका, पावसात परत आत जातं. खताच्या खड्ड्यात टाका. पाण्यावर निळसर-हिरवी साय आली असेल तर जनावरांना ते पाणी पाजू नका, ते विषारी असू शकतं.

खाद्य भोकं पाडलेल्या गोणीत भरून पाण्यात टांगा. मासे लागेल तेवढंच ओढून खातात, वाया जात नाही. शेतातलं पाणी आत येऊ नये म्हणून तळ्याभोवती बांध घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लास्टिकच्या तळ्याचा उतार शेवाळाने साबणासारखा गुळगुळीत होतो. पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेवाळ काढायला कुणीही आत उतरायचं नाही, एकटीने तर तळ्यावर जायचंच नाही. काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेले दोर चारही बाजूंनी पाण्यात सोडा, हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवा, कुंपण करा. लेकरांना तिकडे फिरकू देऊ नका.

येत्या बैठकीत पहाटेच्या चकरेच्या पाळ्या लावा, दोघी-दोघींच्या. पाण्याचा रंग आणि दिलेलं खाद्य वहीत लिहा. महिनाभराने वही वाचली की शेवाळ कशामुळे वाढतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल.