नाटकातला ऑर्गन

मूकपटांच्या काळी पश्चिमेकडील मोठ्या चित्रपटगृहांत नळ्यांचे अवाढव्य ऑर्गन वाजत असत. बोलपट आला आणि ते मुके झाले. अमेरिकेत १९५५ साली त्यांच्या चाहत्यांनी संस्था काढली व मोडकळीस आलेली ही वाद्ये पुन्हा वाजती करण्याचे काम आरंभिले. आपल्या संगीत रंगभूमीचाही एक ऑर्गन आहे. आकाराने लहान, नळ्या नसलेला. त्याची दशा फारशी निराळी नाही.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. बालगंधर्वांच्या गळ्याला तिरखवाँसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन अशी साथ लाभली. बाजाच्या पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो. ऑर्गनमध्ये तो ती आत ओढून घेतो, म्हणून स्वर मृदू व भरदार निघतो. भाता पायांनी चालतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. गुडघ्याने दांडी सारली की स्वर फुलतो. गायक तान घेऊन समेवर येईपर्यंत तो मागे अखंड उभा असतो. आकाशवाणीने पेटीला १९४० पासून सुमारे तीस वर्षे दार बंद ठेवले होते, स्थिर स्वरांतून मींड निघत नाही म्हणून! आक्षेप खरा होता, पण नाट्यपदाला हवी असलेली भरणी पेटी-ऑर्गननेच दिली.

पुढे विजेचा कीबोर्ड आला. तो उचलायला हलका, हे मान्य. जड ऑर्गन मात्र कोठीत गेले. त्यांच्या भात्याचे कापड विरते, चामडे कडक होते, उंदीर लोकरी पट्ट्या कुरतडतात. पितळी सूर बहुधा शाबूत असतात. धूळ झटकून, हलक्या हाताने घासून ते बोलू लागतात. म्हणून दुरुस्ती करविताना भाता खुशाल नवा करावा, सूर मात्र मूळचेच राखावेत. ते बदलले की लाकडी खोके तेवढे जुने उरते. कोकणात असे ऑर्गन दुरुस्त करणारे व नवे घडविणारेही कारागीर आहेत.

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे, एखाद्या जुन्या वाड्यात किंवा आमच्या चर्चच्या कोपऱ्यात अशी पेटी दिसली, तर पितळेच्या भावाने भंगारवाल्यास देऊ नये. काचेआडही ठेवू नये. भाता चालता राहिला तरच चामडे मऊ राहते. आठवड्यातून दहा मिनिटे घरातल्या पोराने वाजविली तरी पुरे, मग तो बेसूर का वाजवीना.