संशय कोणावर, विश्वास कोणावर?

नवी मुंबईंत ठाणें-बेलापूर रस्त्यालगत महाप्याच्या संगणक-कंपन्या आहेत, तशीच तुर्भ्याची झोपडपट्टीहि आहे. ह्या दोन जगांचीं चित्रें जानेवारी २००९ मध्यें देशापुढें आलीं. ७ तारखेस 'सत्यम' कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू ह्यांनीं हिशेबांतील ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक खोटी असल्याचें स्वतःच लिहून दिलें. २३ रोजीं 'स्लमडॉग मिलियनेर' भारतांत प्रदर्शित झाला. त्यांतील झोपडपट्टींत वाढलेला चहावाला खरीं उत्तरें देतो, तरी लबाडीच्या संशयावरून पोलिसांचा मार खातो. 'सत्यम'चा खोटा ताळेबंद मात्र वर्षानुवर्षें खरा ठरला. सुशिक्षित घरांतहि मोलकरणीची पिशवी तपासली जाते आणि बड्या कंपनीच्या कागदावर डोळे मिटून पैसा लावला जातो. हा न्याय मोडल्यावांचून ना गरिबाची अब्रू वांचेल, ना घरची पुंजी.