रूपनाथचा पराक्रम

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा प्रपात डोळ्यांपुढे उभा राहतो. पाहुणा आला की आम्ही जबलपूरकर त्याला प्रथम नर्मदेवरच नेतो, आणि ते योग्यही आहे. परंतु आज ज्या स्थळाविषयी मला बोलावयाचे आहे, तिकडे पाहुणे सहसा फिरकत नाहीत. स्लीमनाबादच्या पश्चिमेस, कैमूरच्या डोंगराशी, रूपनाथ नावाचे एक स्थान आहे. तेथे एकाखाली एक अशी तीन कुंडे असून राम, लक्ष्मण आणि सीता अशी त्यांना नावे आहेत. जवळच एका शिळेवर सम्राट अशोकाचा लेख कोरलेला आहे. १९९८ साली कटनी हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत रूपनाथ जबलपूर जिल्ह्यातच मोडत असे. तेव्हा त्याच्यावर आम्ही थोडा हक्क सांगितला, तर कटनीकर रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

लेख अगदी लहान आहे. त्यात राजा आपल्या मनाची हकीगत सांगतो. आपण उपासक झालो त्याला अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला. पण आरंभी आपल्या हातून फारसा प्रयत्न झाला नाही. पुढे वर्षाहून अधिक काळ संघाच्या सहवासात राहून मात्र आपण नेटाने प्रयत्न केला, असा त्याचा आशय आहे. विजयाच्या गाथा दगडावर कोरविणारे राजे पुष्कळ झाले. ‘सुरुवातीला मला जमले नाही’ हे कोरविणारा राजा विरळाच!

ह्या माणसाच्या मनावर ओझे कसले होते, ते त्याच्या तेराव्या शिलालेखात आले आहे. राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी त्याने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे देशोधडीला लागली, एक लाख रणात पडली, आणि त्याच्या कितीतरी पट इतर प्रकारे मेली, असे तो स्वतःच सांगतो. एवढे ज्याच्या नावावर आहे, त्याला रात्री कोणते विचार छळत असतील? आपल्यापैकी कोणाच्या नावावर एखादा कठोर शब्द असतो, कोणाच्या नावावर म्हाताऱ्या आईकडे झालेले दुर्लक्ष असते. आणि तेवढ्यानेही आपली झोप उडते. खंत उगाळीत बसण्यात आपण पश्चात्ताप करीत आहोत असा भास होतो. प्रत्यक्षात त्यातून ना दुखावलेल्याचे दुःख हलके होते, ना आपले.

सुखी कसे व्हावे हे आठवड्याभरात शिकविणारी पुस्तके आज जागोजागी मिळतात. ‘वाईट विचार मनात आणू नका’ हा त्यांचा उपदेश मला नेहमीच थोडा विनोदी वाटतो. कारण विचार काही परवानगी घेऊन येत नाहीत. ‘माइंडफुलनेस’ ह्या नावाने हल्ली जे परदेशातून आपल्याकडे परत येत आहे, त्याचे मूळ पाली भाषेतील ‘सति’, म्हणजे स्मृती, ह्या शब्दात आहे. ती पाली विद्या मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ ह्या ग्रंथाची ओळख मराठी वाचकाला करून द्यावयास नकोच.

मज्झिमनिकायातील ‘वितक्कसण्ठान’ सुत्तात नको असलेल्या विचारांवर पाच उपाय सांगितले आहेत. पहिला सुताराचा. तो बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून बाहेर काढतो, तसा चांगल्या विचाराने वाईट विचार काढावा. आपण ह्याला काट्याने काटा काढणे म्हणू. ते न साधले तर त्या विचारातला अनर्थ पाहावा. तेही न साधले तर त्याच्याकडून दृष्टी काढून घ्यावी. चौथा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. भराभर चालणाऱ्या माणसाला वाटते, मी इतक्या घाईने का चाललो आहे? तो सावकाश चालू लागतो. मग वाटते, चालावे तरी का? तो उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो. विचाराशी झुंज नाही, नुसती त्याची गती उतरवीत जाणे! दात आवळून मनाला मनाने दाबणे हा पाचवा उपाय, आणि तो शेवटचा. आपण बहुतेक जण तेथूनच आरंभ करतो आणि थकून जातो.

रूपनाथच्या लेखात ह्या खटाटोपाला ‘पकम’ असा शब्द आहे. आपल्या ‘पराक्रम’ शब्दाच्याच कुळातला तो आहे. कलिंगावर सैन्य नेणाऱ्या राजाने तो शब्द येथे रणांगणावरून उचलून मनात आणून ठेवला. हे फळ केवळ थोरांनाच मिळते असे नाही, प्रयत्न केल्यास लहानालाही मिळते, असे तो बजावतो. लहानथोरांनी हा प्रयत्न करावा, सीमेपलीकडच्या लोकांनाही तो कळावा आणि तो दीर्घकाळ टिकावा, म्हणून हा मजकूर डोंगरांवर नि शिलास्तंभांवर कोरण्याची त्याची आज्ञा आहे. त्याच मजकुराच्या प्रती बिहारात सासाराम, राजस्थानात बैराट, कर्नाटकात मास्की येथेही सापडल्या. रूपनाथच्या शिळेवर राजाचे नाव नाही. ‘देवानांप्रिय’ एवढेच आहे. त्याच्यापुढे ‘अशोक’ हे नाव असलेली प्रत १९१५ साली मास्कीला मिळाली, आणि आपल्या मनाची ही हकीगत सांगणारा राजा कोण, ह्याविषयी शंका उरली नाही.